नवीन नोटरी: गोल शिक्का, रजिस्टर आणि जानेवारीचं विवरणपत्र, नेमकं काय लागतं?

टेबलक्लार्क

आमच्या वकील मॅडमना राज्य शासनाचं नोटरी प्रमाणपत्र मिळालं आहे. क्षेत्र एका तालुक्यापुरतं. सोमवारपासून काम सुरू करायचं आहे, शिक्के-वह्यांची तयारी माझ्याकडे आहे.

शिक्केवाल्याने तीन नमुने दाखवले. एक चार सेंटिमीटरचा सेल्फ-इंक, एक पाच सेंटिमीटरचा लाकडी मुठीचा, आणि एक मधोमध तीन सिंहांची मुद्रा असलेला. त्याचं म्हणणं, सिंहवाला जास्त खपतो. स्टेशनरीच्या दुकानात छापील "नोटरी रजिस्टर" मिळतात, पण प्रत्येकाचे रकाने वेगळे.

शिक्क्यावर नेमका कोणता मजकूर हवा? मराठीत चालेल का? रजिस्टर बांधीव असावं की सुटी पानं चालतात, आणि नोंदी कॉम्प्युटरवर ठेवल्या तर? फीची वेगळी वही लागते का? वर्षाखेरीस काहीतरी पाठवावं लागतं असं ऐकलं आहे, ते कुणाला? जाणकारांनी कलम-नियमासकट सांगितलं तर मॅडमना दाखवता येईल.

शिक्कामोर्तब

आधी शिक्का, कारण तो चुकला तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे दस्त चुकीच्या शिक्क्याचे होतात.

नोटरी अधिनियम १९५२ च्या कलम ७ मध्ये एवढंच आहे की प्रत्येक नोटरीकडे विहित नमुन्याचा शिक्का असावा. तो नमुना नोटरी नियम १९५६ च्या नियम १२ मध्ये दिला आहे: साधा, गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर पाच गोष्टी हव्यात. नोटरीचं नाव, ज्या क्षेत्रासाठी नेमणूक झाली त्या क्षेत्राचं नाव, नोंदणी क्रमांक, कडेने "नोटरी" हा शब्द, आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचं नाव. मॅडमची नेमणूक राज्याची असल्याने "महाराष्ट्र शासन" येईल. केंद्राने नेमलेल्या नोटरींचे शिक्के पाहून "भारत सरकार" उतरवू नका. ही चूक नेहमी होते, कारण शिक्केवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी फाइल असते आणि तो फक्त नाव बदलतो.

म्हणजे चार सेंटिमीटरचा बाद. सिंहवालाही बाद. नियमात "साधा" म्हटलं आहे आणि पाच गोष्टींच्या यादीत राजमुद्रा नाही. शिवाय राजमुद्रा कुणी वापरायची हे २००५ चा स्वतंत्र कायदा आणि २००७ चे नियम ठरवतात. "सगळे नेतात" हे शिक्केवाल्याचं उत्तर आहे, चौकशीत ते उपयोगी पडत नाही.

ऑर्डर देताना "पाच सेंटिमीटरचा शिक्का" एवढंच सांगू नका. काही जण रबराचा तुकडा पाच सेंटिमीटरचा कापतात आणि छापाचं वर्तुळ साडेचारचं उमटतं. "छापाच्या बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर" असं लिहून द्या. शिक्का ताब्यात घेण्याआधी साध्या कागदावर पाच-सहा ठसे मारा आणि पट्टीने आडवा-उभा दोन्ही बाजूंनी मोजा. रबर लाकडावर ताणून चिकटवलं असेल तर वर्तुळ अंडाकृती येतं.

नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच घ्या. प्रमाणपत्रावर पूर्ण नाव आणि शिक्क्यावर आद्याक्षरं, किंवा प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि शिक्क्यावर सासरचं, असं झालं की परदेशी जाणाऱ्या कागदांना हमखास अडथळा येतो. नाव लांब असेल तर ते मधल्या भागात दोन ओळींत घ्या, कड फक्त "नोटरी" आणि शासनाच्या नावासाठी ठेवा. अक्षरं फार बारीक केली तर आठवड्याभरात शाई भरून नोंदणी क्रमांकातला ३ आणि ८ सारखाच दिसतो.

भाषेबद्दल: मराठी अक्षरं जरूर घ्या, पण "नोटरी", नाव आणि क्रमांक रोमन लिपीतही असू द्या. दस्त परराज्यात किंवा परदेशात गेला तर तिथल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. पाच सेंटिमीटरमध्ये दोन्ही लिप्या नीट बसत नसतील तर गोल शिक्का रोमनमध्ये आणि "माझ्यासमोर"चा आडवा शिक्का मराठीत, हा तोडगा बरा.

प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख बरेच जण गोल शिक्क्यात घालतात. नियमाच्या यादीत ती नाही. घातली तर दर पाच वर्षांनी नवा शिक्का करावा लागतो. त्यापेक्षा ती आडव्या शिक्क्यात ठेवा.

शाईचा रंग ठरलेला नाही. काळी मात्र टाळा, झेरॉक्समध्ये मूळ कोणतं आणि प्रत कोणती ते ओळखता येत नाही. जांभळी किंवा निळी घ्या. उठावाचा दाबशिक्का आणि लाल कागदी चकती ही वहिवाट आहे, नियमाची अट नाही. परदेशी कागदांना उठावाचा शिक्का असला तर तिकडची कार्यालयं कमी प्रश्न विचारतात, म्हणून हवा तर करून घ्या. पण तो रबरी शिक्क्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

वहीखातं

शिक्क्याचं वर आलंच आहे. कलम ८(२) मात्र भिंतीवर लावून ठेवा: नोटरीची सही आणि अधिकृत शिक्का, दोन्ही असल्याशिवाय ते काम नोटरीचं काम मानलंच जात नाही. घाईत शिक्का बसतो आणि सही राहते, किंवा उलट. दोन्ही बाबतीत कागद पक्षकाराच्या हातात साधाच राहतो.

आता रजिस्टर. नियम ११ पूर्ण वाचा, क्लार्कच्या रोजच्या कामाचं बहुतेक सगळं त्यात आहे.

रजिस्टर नियमांच्या परिशिष्टातल्या नमुना १५ प्रमाणे हवं. साधारण रकाने असे: अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, दस्त करणाऱ्याचं नाव व पूर्ण पत्ता, दस्तातला मजकूर थोडक्यात, लावलेलं नोटरी तिकीट, नियमाप्रमाणे फी, प्रत्यक्ष घेतलेली फी, पावती क्रमांक, संबंधिताची सही किंवा अंगठा, नोटरीची सही. दुकानातली रजिस्टरं वेगवेगळी दिसतात कारण छापणारे जागा वाचवायला दोन फीचे रकाने एकात घालतात आणि पावती क्रमांक गाळतात. परिशिष्ट शेजारी ठेवून रकाना-रकाना ताडून पाहा. एकही कमी असेल तर घेऊ नका. बाइंडरकडून आखून घेतलेलं दोनशे पानी रजिस्टर छापील रजिस्टरपेक्षा फार महाग पडत नाही.

वापरात आणण्याआधी पहिल्या पानावर दाखला लिहायचा: या रजिस्टरमध्ये अमुक इतकी पानं आहेत. खाली नोटरीची सही आणि तारीख. हे नियम ११(४). त्यासाठी आधी पानांना क्रमांक द्यावे लागतात, छापील असतील तर सलग आहेत का ते मोजून पाहावं लागतं. बाइंडिंगमध्ये एखादं पान दुबार किंवा गायब असणं अगदी नेहमीचं आहे. ते दाखल्यातच लिहा. सहा महिन्यांनी तपासणीत पान ८७ सापडलं नाही तर ते मुळातच नव्हतं हे सांगायला त्या दाखल्याशिवाय दुसरा पुरावा नसतो.

सुटी पानं या एकाच कारणाने बाद होतात. पानांच्या संख्येचा दाखला बांधीव वहीलाच देता येतो. कॉम्प्युटरवर शोधण्यासाठी यादी ठेवा, फार सोयीची असते, पण ती रजिस्टर नव्हे. पक्षकाराची सही एक्सेलमध्ये कुठे घेणार?

नोंद कधी करायची यावर सगळं अवलंबून आहे. क्रम असा ठेवा:

१. दस्त वाचून पाहायचा. कोऱ्या जागा, न भरलेल्या तारखा, खाडाखोड आहे का?
२. ओळख पटवायची.
३. रजिस्टरमध्ये नोंद, आणि रजिस्टरवर पक्षकाराची सही.
४. दस्तावर पक्षकाराची सही, नोटरीसमोर.
५. तिकीट लावून रद्द करायचं.
६. दस्तावर नोंद क्रमांक, पान क्रमांक, तारीख.
७. नोटरीची सही, गोल शिक्का.
८. पावती.

रजिस्टरची सही दस्ताच्या सहीआधी घेण्याचं कारण व्यवहारातलं आहे. शिक्का बसला की पक्षकार कागद उचलून चालू लागतो, वहीवर सही करायला कुणी परत येत नाही. मग संध्याकाळी रकाना रिकामा राहतो, आणि रिकाम्या रकान्यात दुसऱ्याच कुणाची तरी सही करण्याचा मोह होतो. तिथून पुढचा रस्ता नियम १३ च्या, म्हणजे गैरवर्तनाच्या, चौकशीकडे जातो.

ओळी सोडू नका. "साहेब उद्या येणार आहेत, आजची तारीख हवी आहे, एक ओळ सोडून ठेवा" ही विनंती आठवड्यातून एकदा तरी येईल. सोडलेली ओळ नंतर भरली की शाई, अक्षर, पावती क्रमांक यांपैकी काहीतरी जुळत नाही. ४१२ आणि ४१३ च्या मध्ये "४१२ अ" दिसलं की तपासणाऱ्याची बोटं तिथेच थांबतात. नोंद चुकली तर एक रेघ मारून "रद्द" लिहा, नोटरीची आद्याक्षरी घ्या आणि पुढच्या क्रमांकावर जा. पांढरी शाई वहीच्या जवळपासही नको.

"मजकूर थोडक्यात" या रकान्यात नुसतं "प्रतिज्ञापत्र" लिहिणारे खूप आहेत. सात वर्षांनी कोर्टातून विचारणा आली तर त्यातून काहीच निघत नाही. "नावातील बदल, शाळेच्या दाखल्यासाठी, २ पानं" असं लिहा. कुलमुखत्यारपत्र असेल तर देणारा, घेणारा आणि मिळकतीचा गट किंवा सर्व्हे क्रमांक. पानांची संख्या प्रत्येक नोंदीत हवीच, नंतर मधलं पान बदललं तर तेवढीच खूण उरते.

भाषेचा प्रश्न नियम ११(६) मध्ये सुटला आहे. मूळ दस्त इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत असेल तर नोंद त्या भाषेत किंवा इंग्रजीत करता येते. मराठी दस्ताची नोंद मराठीत, बिनधास्त.

फीसाठी नियम ११(९): प्रत्येक रकमेची पावती आणि फीचं वेगळं रजिस्टर. कार्बन प्रतीचं छापील क्रमांकाचं पावती पुस्तक घ्या. फीचा दरफलक कार्यालयाच्या आत आणि बाहेरही दिसेल असा लावायचा आहे, नियम १० वाचा. दर बदलतात, म्हणून फलक रंगवून घेऊ नका, छापून लावा.

तपासणी: जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी रजिस्टर पाहू शकतो, वर्षातून जास्तीत जास्त दोनदा. त्यांनी ठरवलेल्या दिवशी रजिस्टर कार्यालयात असलंच पाहिजे. "मॅडमच्या घरी आहे" हे उत्तर नाही.

वार्षिक विवरणपत्र: नियम १४, नमुना १४. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आदल्या वर्षात केलेल्या कामांचं. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. टॅक्सच्या सवयीने मार्चअखेरचा हिशेब काढणारे दरवर्षी सापडतात. पाठवायचं नेमणूक करणाऱ्या शासनाला, म्हणजे तुमच्या बाबतीत मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाला. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच नूतनीकरणाच्या फाइलला लावा. काम शून्य असलं तरी शून्याचं विवरणपत्र पाठवा.

टेबलक्लार्क

खूप आभार. दोन शंका. अनुक्रमांक दरवर्षी १ पासून सुरू करायचा की सलग? आणि ओळख पटवताना आधारची झेरॉक्स ठेवायची का? शिवाय मॅडम कोर्टात असताना नेहमीच्या पक्षकारांची छोटी प्रतिज्ञापत्रं मी शिक्का मारून ठेवली आणि त्यांनी नंतर सही केली तर?

वहीखातं

तिसऱ्याचं उत्तर आधी: नाही. शपथ नोटरीसमोर द्यायची असते. अधिनियमात नोटरीच्या क्लार्कला एकाच कामाची मुभा आहे, ती कलम ९ मध्ये: वचनचिठ्ठी, हुंडी किंवा विनिमयपत्र स्वीकृतीसाठी वा रकमेसाठी सादर करणं. तेही नोटरीच्या वतीने, आणि रजिस्टरमधल्या त्या नोंदीवर नोटरी व क्लार्क दोघांच्या सह्या लागतात. गोल शिक्का मॅडम नसताना कुलपात. किल्ली तुमच्याकडे नको, त्यात तुमचंच संरक्षण आहे.

अनुक्रमांक: मी दरवर्षी १ जानेवारीला १ पासून सुरू करण्याच्या बाजूचा. विवरणपत्राची बेरीज आपोआप निघते.

दस्तऐवज

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. दरवर्षी १ पासून सुरू केलं की एकाच क्रमांकाचे पाच दस्त बाजारात फिरतात. कुणी फक्त "नोंद क्र. २१८" सांगत आलं तर पाच रजिस्टरं काढावी लागतात. सलग क्रमांकात तो त्रास नाही, आणि विवरणपत्रासाठी ३१ डिसेंबरच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून प्रकारवार बेरीज लिहिली की झालं. वार्षिक पद्धत ठेवायचीच असेल तर दस्तावर "२१८/२०२५, रजिस्टर ३, पान ४४" असं पूर्ण लिहा. पद्धत कोणतीही असो, एकाच वेळी दोन रजिस्टरं चालू ठेवू नका. "एक कार्यालयात, एक कोर्टाच्या आवारात" अशी सोय काही जण करतात. दोन्हींत एकाच तारखेला एकाच वेळच्या नोंदी सापडल्या की उलटतपासणीत वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

ओळखीबाबत: फोटो असलेलं मूळ ओळखपत्र पाहायचं, झेरॉक्स पाहून काम भागवायचं नाही. रजिस्टरमध्ये ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार अंक पुरेसे आहेत. आधारची पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स जमवत बसू नका, ठेवायचीच तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत. पक्षकार ओळखीचा नसेल आणि वकील ओळख देत असेल तर त्या वकिलाचं नाव, सनद क्रमांक आणि सही, तिन्ही दस्तावर हवेत. अंगठा असेल तर डावा की उजवा ते लिहा, आणि मजकूर वाचून व समजावून सांगितल्याचा शेरा घाला. तो शेरा नसेल तर अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र कोर्टात पहिल्याच प्रश्नाला अडतं.

आता तिकिटं, कारण त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. चार प्रकारची तिकिटं एकाच डब्यात ठेवू नका. नोटरीच्या कामाला नोटरी तिकीट. कोर्ट फी तिकीट कोर्टात दाखल करायच्या अर्जाला. वकील कल्याण निधीचं वकीलपत्राला. एक रुपयाचं महसुली तिकीट पाच हजारांवरच्या पावतीला. घाईत नोटरी तिकिटाच्या जागी कोर्ट फीचं लागलं तर मुद्रांकाच्या दृष्टीने त्या जागी काहीच लागलेलं नसतं.

तिकीट लावलं की लगेच रद्द करायचं. मुद्रांक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ते पुन्हा वापरता येणार नाही अशा रीतीने रद्द केलेलं नसेल तर त्या तिकिटापुरता दस्त बिनमुद्रांकी समजला जातो. उत्तम पद्धत म्हणजे सही आणि तारीख अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर, आणि गोल शिक्क्याची कड तिकिटाला स्पर्श करेल अशी. पूर्ण गोल शिक्का तिकिटावरच ठोकला तर तिकिटाच्या रंगात नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. तो कागदाच्या कोऱ्या भागावर स्वच्छ उमटू द्या. मजकुरावर आणि पक्षकाराच्या सहीवरही नको.

स्टॅम्प पेपरची खरेदीची तारीख दस्ताच्या तारखेनंतरची नाही ना, आणि तो दस्तातल्या पक्षकाराच्याच नावावर आहे ना, हे दोन्ही पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभर रुपयांचे बरेच प्रकार पाचशेवर गेले. पण सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर होतं. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला पाचशेचा पेपर आणायला पाठवू नका. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आधीच पाठवलेलं असतं, ते वेगळं.

शिक्कामोर्तब

एकापेक्षा जास्त पानं असतील तर प्रत्येक पानावर सही आणि शिक्का, शेवटच्या पानावर पूर्ण मजकुराचा आडवा शिक्का. खाडाखोडीजवळ पक्षकाराची आणि नोटरीची आद्याक्षरी. मूळ दस्तातच कोरी जागा असेल तर ती भरून घ्या किंवा रेघ मारून बंद करा. त्याशिवाय शिक्का नाही.

सत्यप्रत करताना मूळ कागद हातात असला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल किंवा झेरॉक्सची झेरॉक्स म्हणजे मूळ नव्हे. शेरा "मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले" असा स्पष्ट घ्या.

क्षेत्राबद्दल एक गैरसमज. पक्षकार कुठला आहे किंवा जमीन कुठे आहे याने काही बिघडत नाही, काम कुठे झालं ते महत्त्वाचं. मॅडमच्या तालुक्यात बसून रत्नागिरीच्या जमिनीचं कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करता येईल. पण शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्यात जाऊन आजारी माणसाची सही घेता येणार नाही. क्षेत्र वाढवून हवं असेल तर नियम ८अ खाली अर्ज आहे. कार्यालयही क्षेत्रातच हवं, नियम १५. क्षेत्रातल्या क्षेत्रात पक्षकाराच्या घरी गेलात तर रजिस्टर सोबत न्या. "कागदावर सही आणतो, वहीत नंतर चढवतो" असं नको, वहीवरची सही तिथेच घ्यायची आहे. व्हिडिओ कॉलवर सही घ्यायला कुणी सांगितलं तर त्याचंही उत्तर हेच.

शिक्का हरवला तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार, विधी व न्याय विभागाला पत्र, आणि रजिस्टरमध्ये शेवटच्या नोंदीखाली तारीख-वेळ घालून तसा शेरा. नवा शिक्का करताना मांडणीत दिसेल असा फरक ठेवा, उदाहरणार्थ क्षेत्राचं नाव वरच्या ओळीऐवजी खालच्या ओळीत. मजकूर तोच, पण जुन्या शिक्क्याचा ठसा पुढे कुठे आला तर ओळखू येतो. म्हणून पहिल्या दिवशीच रजिस्टरच्या आतल्या पानावर नमुना ठसा मारून तारीख घालून ठेवा. झिजलेला शिक्का बदलतानाही हेच, आणि जुनं रबर कापून टाका.

मुदतपूर्व

नूतनीकरणाचं वर फक्त ओझरतं आलं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं (१९९९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचं होतं) आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जायला हवा, नियम ८ब. आजच कॅलेंडरवर साडेचार वर्षांनंतरची नव्हे, चार वर्षं चार महिन्यांनंतरची खूण करा, कागद गोळा करायला दोन महिने जातात. मुदत संपल्यावर "अर्ज दिलेला आहे" म्हणून शिक्का चालवत राहणं धोक्याचं आहे. चालू प्रमाणपत्राशिवाय काम करायला कलम ९ ची मनाई आहे, आणि कलम १२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

जाता जाता: चेक न वटण्यामुळे सगळ्यांना पाठ असलेलं परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ मुळात नोटरींच्या नेमणुकीचं होतं. १९५२ चा अधिनियम आल्यावर नोटरी तिथून बाहेर पडले आणि १९८८ मध्ये त्या रिकाम्या जागी चेकचं प्रकरण आलं. नियम ११ मध्ये हुंड्या आणि स्वीकृती यांची एवढी चर्चा का, हे त्यावरून कळतं. नोटरीचं मूळ काम ते, प्रतिज्ञापत्रांची रांग नंतरची.

दस्तऐवज

टेबलक्लार्क, कोणत्या कागदांवर शिक्का मारायचा नाही तेही मॅडमच्या टेबलासमोर लावून ठेवा, कारण लोक हट्ट करतात.

लग्न आणि घटस्फोट. नोटरीसमोर लग्न होत नाही आणि सुटतही नाही. केंद्राच्या विधी व्यवहार विभागाने २०२४ मध्ये पत्रक काढून असे दस्त करणं हे गैरवर्तन ठरेल असं बजावलं आहे.

भाड्याचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोटरी केलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर लोकांची फार श्रद्धा आहे. घरमालकाला नोंदणीकडे पाठवा.

जमीन-फ्लॅटची विक्री. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. "नोटरीवर घर घेतलं" हा वाक्प्रचार ऐकला की समजायचं, खरेदीखत झालेलं नाही.

मृत्युपत्र. ते नोटरी करता येतं, पण दोन साक्षीदार लागतातच. नोटरीचा शिक्का साक्षीदाराच्या जागी मोजला जात नाही.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवण्यासाठी द्यायचं कुलमुखत्यारपत्र. देणारा भारतात राहत असेल तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे ते निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच करून प्रमाणित व्हावं लागतं. नोटरीचं चालतं ते देणारा भारताबाहेर असताना, तिकडच्या नोटरीचं. दुबई-न्यू जर्सीच्या मुलांनी पाठवलेले असे कागद तुमच्याकडे "इथलाही शिक्का मारून द्या" म्हणून येतील. त्यांना त्याची गरज नसते. त्यांना हवं असतं मुद्रांक शुल्क, आणि त्यासाठी कागद राज्यात आल्यापासून तीन महिने असतात. तो वेळ ते तुमच्या रांगेत घालवतात.

माडाखाली

गोव्यातून एक पुरवणी, कारण सिंधुदुर्गातल्या कार्यालयांत हा घोटाळा वरचेवर होतो. गोव्यात दोन जातीचे नोटरी आहेत. एक तुमच्यासारखे, १९५२ च्या अधिनियमाखालचे वकील-नोटरी, नियम-शिक्का सगळं वर लिहिल्याप्रमाणेच. दुसरे स्पेशल नोटरी. हे सरकारी अधिकारी, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीचे, आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखालचे. वारसांची घोषणा किंवा सार्वजनिक मृत्युपत्र त्यांच्या पुस्तकात लिहिलं जातं. मूळ पुस्तकातच राहतं, पक्षकाराला मिळते ती त्याची प्रमाणित नक्कल. त्यामुळे गोव्याचा वारसदाखला घेऊन कुणी आलं आणि "मूळ कुठंय?" विचारलं, तर हातातली नक्कल हाच त्याचा पुरावा असतो. आणि उलट, सावंतवाडीच्या नोटरीचं वारस प्रतिज्ञापत्र घेऊन म्हापशाला वारसाची नोंद लावता येत नाही.

टेबलक्लार्क

सिंहवाला परत केला. ५० मिलिमीटर लिहून दिलं, पहिला ठसा ४७ आला म्हणून तोही परत. रजिस्टर आखून घेतोय, २०० पानं. पानांना क्रमांक हाताने घालायचे की नंबरिंग मशीनने?

वहीखातं

मशीन बरं, पण त्याचा खटका दोनवर असला की एकाच क्रमांकाची दोन पानं होतात. एकच क्रमांक किती वेळा उमटायचा ते ठरवणारा तो खटका एकावर आणून घ्या, क्रमांक पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात मारा, आणि सगळं झाल्यावर शेवटून पुढे एकदा मोजा. दाखला त्यानंतर लिहा.